शेतातून गेलेले शेतात यावे म्हणून

साखरेच्या पोत्यात मातीतले काहीच नसते. साखर म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. उसाने हे तिन्ही हवेतून आणि पाण्यातून घेतलेले असतात. एक टन ऊस तुटून कारखान्यावर गेला की त्याच्यासोबत शेतातले साधारण एक किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि दीड-दोन किलो पालाश जाते. पण साखरेच्या पोत्यातून यातले काही बाजारात जात नाही. रस निवळताना जो गाळ खाली बसतो त्या प्रेसमडमध्ये स्फुरद आणि चुना उतरतो. पालाश मळीत जाते आणि मळीतून डिस्टिलरीच्या सांडपाण्यात, म्हणजे स्पेंटवॉशमध्ये. थोडे बगॅसच्या राखेत राहते. नत्राचा काही भाग तेवढा बॉयलरच्या धुराबरोबर हवेत जातो. म्हणजे सगळा माल विकूनही जमिनीचा कस जवळपास जिथल्या तिथे राखता येईल, असे उसाइतके दुसरे नगदी पीक आपल्याकडे क्वचितच सापडेल.

तरीही ऊस उत्पादक दर लागणीला १०:२६:२६ च्या गोण्या आणतो, पोटॅश वेगळे आणतो, आणि खोडव्याचे पाचट अजूनही अनेक ठिकाणी पेटवले जाते. चांगल्या हंगामात महाराष्ट्रात १० कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. त्याचा तीन-चार टक्के प्रेसमड धरला तरी ३० ते ४० लाख टन होतो. तो कित्येक वर्षे कारखान्याच्या आवारात ओलाच पडून असे. स्पेंटवॉशने तर आसपासच्या विहिरींचे पाणी काळे केले. ज्या द्रावात शेकडो गावांचे पालाश विरघळलेले होते, त्याच द्रावाविरुद्ध त्याच गावांनी तक्रारी केल्या, आणि त्या रास्तच होत्या. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले, स्पेंटवॉश आटवून खास बॉयलरमध्ये जाळू लागले, आणि उरलेल्या राखेत पालाश सापडले. ‘मळीपासून पोटॅश’ म्हणजे पीडीएम या नावाने, किमान १४.५ टक्के पालाश असलेले हे खत २०२१ मध्ये केंद्राच्या अनुदान योजनेत आले. नदी वाचवण्यासाठी केलेल्या नियमातून खत निघाले. या पुस्तकाचा विषय समजून घ्यायला माझ्या मते यापेक्षा चांगले उदाहरण नाही.

सेंद्रिय टाकाऊतून अन्नद्रव्ये परत मिळवणे म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर गांडूळखताचे बेड नाहीतर स्वयंपाकघरातली कंपोस्टची बादली येते. ती या विषयात आहेतच, पण विषय मोठा आहे. अन्न शेतातून निघून कुठे कुठे जाते, त्यातले नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त कोणत्या वळणावर कशात अडकते, आणि तिथून ते कुठल्या रूपात, किती खर्चात, किती सुरक्षितपणे परत आणता येते, असा हा हिशेब आहे. हा हिशेब फार करून दोन जागी फिसकटतो, असे मला वर्षानुवर्षे वाचल्या-पाहिल्यावर वाटते. एक, सरमिसळ. दोन, अंतर. साखर कारखान्यात हे दोन्ही प्रश्न निम्मे सुटलेले असतात. प्रेसमडमध्ये प्लास्टिक नसते, बॅटरीचे सेल नसतात. ऊस घेऊन आलेला ट्रॅक्टर रिकामाच परत जाणार असतो. शिवाय १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जो सहकारी नमुना उभा केला, त्यात माल घालणारा आणि कारखान्याचा मालक एकच. जे बाहेर टाकायचे ते कोणाच्या शेतात जाणार, हे आधीच ठरलेले.

आता शहराकडे पाहू. जुन्नर-आंबेगावची भाजी, सोलापूरची ज्वारी, लातूरची तूरडाळ पुण्यात येते. भारतीय आहारावर माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण अडीच ते तीन किलो नत्र बाहेर पडते असा अंदाज आहे. ४० लाख वस्तीचे शहर धरले तर ते १० हजार टन होते, म्हणजे ४५ किलोच्या पावणेपाच लाखांहून अधिक युरियाच्या गोण्या. पुण्याचे सांडपाणी, शुद्ध केलेले आणि न केलेले, मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि भीमेतून उजनीत जाते. उजनीच्या फुगवट्यावर पसरलेली जलपर्णी आणि उन्हाळ्यात हिरवे पडणारे पाणी ही त्या नत्र-स्फुरदाची पोचपावती आहे. धरणाच्या पाण्यावर भिजणाऱ्या उसाला त्यातले थोडेफार मिळतेही, पण न मोजता, अवेळी, आणि शहराच्या साबण-रसायनांसकट.

जे आधुनिक मैलाशुद्धीकरण केंद्र नत्र काढते, ते काय करते तेही नीट समजून घेतले पाहिजे. पाण्यात हवा सोडण्यासाठी वीज खर्चून ते जिवाणूंकरवी अमोनियाचे नायट्रेट करते आणि पुढे नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देते. नदीसाठी हे आवश्यक आहे. पण दुसरीकडे खत कारखाना नैसर्गिक वायू खर्चून, चारशे-पाचशे अंश तापमानात आणि प्रचंड दाबाखाली, त्याच हवेतला नायट्रोजन पकडून पुन्हा अमोनिया बनवतो. दोन्ही टोकांना ऊर्जा आपणच भरतो.

या विषयाचा इतिहास सांगताना बरेच जण ‘पूर्वी सगळे सेंद्रिय होते’ इथून सुरुवात करतात. मला ते पटत नाही, कारण पूर्वीही जमिनीतून गेलेले सगळे परत येत नव्हते. इंग्रज सरकारने १८८९ मध्ये जॉन ऑगस्टस व्होल्कर या कृषिरसायनशास्त्रज्ञाला हिंदुस्थानात पाठवले. १८९३ च्या अहवालात त्यांनी आपल्या शेतकऱ्याच्या कसबाची तारीफ केली, आणि सोबत हेही नोंदवले की जळण मिळत नाही म्हणून शेणाच्या गोवऱ्या होतात, हाडे आणि तेलबिया परदेशी जातात आणि जमिनीला खत कमी पडते. तरी वाटा होत्या. धनगर सुगीनंतर मेंढ्या शेतात बसवत आणि बदल्यात धान्य घेत. कोकणातल्या भातखाचरांपर्यंत हे चालत असे. नगरपालिका मैल्याचे सोनखत विकत. पुण्याजवळच्या ऊस-भाजीच्या मळ्यांना त्याचे महत्त्व चांगले ठाऊक होते.

युरोपात त्याच्या काही दशके आधीच दोन विचार समोरासमोर उभे राहिले होते. युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४० च्या पुस्तकात मांडले की वनस्पती मातीतून खनिजे घेतात, आणि पुढे हेही की ज्याचा तुटवडा सर्वाधिक, त्यावर पीक अडते. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला १८४३ पासून लॉज आणि गिल्बर्ट यांनी शेणखताचे आणि रासायनिक खताचे पट्टे शेजारी शेजारी ठेवून पीक मोजायला सुरुवात केली. ते प्रयोग आजही चालू आहेत. रासायनिक खतांचे जनक म्हणून लीबिग यांचे नाव घेतले जाते, पण लंडनने आपला मैला थेम्स नदीत सोडून शेतीचा कस समुद्राला वाहिला, म्हणून पुढच्या आयुष्यात तेच सर्वांत जास्त कळवळून लिहीत होते. १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाउ इथे हाबर-बॉश पद्धतीचा अमोनियाचा कारखाना सुरू झाला आणि नत्रापुरता हा प्रश्न जगाने बाजूला ठेवला. हवा फुकट होती, इंधन स्वस्त होते. स्फुरदासाठी तशी सोय कधीच नव्हती. ते खडकातूनच येते, आणि जगातल्या ज्ञात साठ्यांचा सुमारे ७० टक्के वाटा मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहे.

आपल्याकडचा महत्त्वाचा टप्पा इंदूरचा. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी तिथल्या संस्थेत शेतातला काडीकचरा, शेण, मूत्र भिजलेली माती आणि राख थर देऊन, पालटून, ठरावीक दिवसांत खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीने हॉवर्ड यांना डोक्यावर घेतले. वाड यांचे नाव आपल्याकडेही फारसे घेतले जात नाही, याची मला खंत वाटते. पुढे १९३९ च्या सुमारास सी. एन. आचार्य यांनी शहरी कचरा आणि मैल्यासाठी बंगळूर पद्धत दिली, आणि विदर्भात पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, आपल्या नावाचा हौद दिला.

या हौदाजवळ थोडे थांबावे असा तो आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच विटांचे बांधकाम, भिंतीत हवेसाठी मोकळ्या ठेवलेल्या खिडक्या. आत दीड टनाच्या आसपास पालापाचोळा, धसकटे, तुराट्यांचा चुरा; त्यावर शेणकाल्याचा सडा; त्यावर चाळलेली कोरडी माती. असे थर चढवून वरून शेणमातीने लिंपायचे. यात शेण लागते अवघे शंभर किलोच्या आसपास, आणि तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळते. ज्याच्याकडे एकच गाय आहे त्याला शेणाने नव्हे, काडीकचऱ्याने खत वाढवता येते, हे या माणसाने ओळखले. मातीचा थर अमोनिया धरून ठेवतो, खिडक्यांमुळे ढीग पालटण्याची मजुरी वाचते, लिंपण ओल टिकवते. प्रत्येक गोष्टीमागे कारण आहे.

याउलट गावाकडचा उकिरडा पाहा. वैशाखात त्याचा वरचा थर करकरीत वाळलेला असतो. फावड्याने उकरला की नाकाला झोंबणारा वास येतो; ते नत्र निघून चाललेले असते. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की ढिगाच्या पायथ्यातून चहाच्या रंगाचे पाणी झिरपून नाल्याकडे वाहते. ते पालाश असते. शेतात पोचते तेव्हा या शेणखतात नत्र अर्धा टक्का उरले तरी पुष्कळ. म्हणजे युरियाच्या एका गोणीत जेवढे नत्र, तेवढ्यासाठी सुमारे चार टन शेणखत वाहून न्यावे लागते. सावली, झाकण आणि खाली धुम्मस केलेली जमीन एवढ्याने यातला मोठा तोटा थांबतो. ज्याला या विषयात आजच काही करायचे आहे, त्याने उकिरड्यापासून सुरुवात करावी.

बायोगॅसची वाट वेगळी. १९३०च्या दशकाअखेर दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांचे प्रयोग झाले. जशभाई पटेल यांचे तरंगत्या टाकीचे संयंत्र खादी-ग्रामोद्योग आयोगाने देशभर नेले. महाराष्ट्रात या वाटेला एक निराळी धार आली. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी आणि पुढे देहूत डॉ. सुहास मापुसकरांनी संडास, गॅस आणि खत यांना एका रेषेत आणले. अप्पांच्या लेखी प्रश्न खताइतकाच माणसाचा होता. सोनखताचा जुना व्यवहार ठरावीक जातींच्या स्त्री-पुरुषांच्या डोक्यावरच्या टोपल्यांवर चालत होता. मैला वाहण्याची प्रथा बंद करणारे कायदे १९९३ आणि २०१३ मध्ये झाले, म्हणजे फार उशिरा. जुन्या सोनखताचे गोडवे गाताना हे विसरणारा लेखक मला वाचवत नाही. परत येणाऱ्या अन्नद्रव्याची वाट कोणाच्या अपमानावरून जाणार असेल, तर ती वाट बंदच राहिलेली बरी.

आजच्या विचारधारांचे ढोबळ चार प्रवाह दिसतात, आणि ते एकमेकांशी कमीच बोलतात. ह्यूमसवादी मंडळी मातीचा सेंद्रिय कर्ब हाच पाया मानतात. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांचा प्रयोग परिवार या घराण्यातला. प्रताप चिपळूणकरांनी तर याच्या पुढे जाऊन, बाहेर कुजवून आत आणण्यापेक्षा मुळे-धसकटे जमिनीतच कुजू द्यावीत असे सांगितले, आणि अंतराचा प्रश्नच निकालात काढला. दुसरा प्रवाह कृषी विद्यापीठांचा, एकात्मिक अन्नद्रव्य व्यवस्थापनाचा: माती परीक्षण करा, सेंद्रिय द्या, उरलेले गोणीतून भरा. तिसरा सूक्ष्मजीववाद्यांचा. सुभाष पाळेकरांच्या जीवामृताने हजारो शेतकऱ्यांना उत्साह दिला. पण एकराला लागणाऱ्या २०० लिटर जीवामृतातले १० किलो शेण, तेवढेच गोमूत्र आणि दोन किलो बेसन यांच्या नत्राची बेरीज केली तर ती पाव किलोच्या आसपासच भरते. त्याचा उपयोग होत असेल तर तो जिवाणूंमार्फत होतो. पिकाने उचललेल्या पालाशाची भरपाई त्यातून होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. चौथा प्रवाह अभियंत्यांचा. मैलाशुद्धीकरण केंद्रांचे पाइप ज्या पांढऱ्या खड्यांनी तुंबत, ते स्ट्रुव्हाइट म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे संयुग. मॅग्नेशियम घालून तेच मुद्दाम तयार केले तर सावकाश लागू होणारे खत मिळते. जर्मनीने २०१७ मध्ये नियम करून मोठ्या केंद्रांना २०२९ पासून मैल्याच्या गाळातून स्फुरद परत मिळवणे बंधनकारक केले आहे.

माझा कल विचाराल तर कुठल्याच एका प्रवाहाने हा प्रश्न सुटणार नाही. जिथे माल ओला आणि जड आहे तिथे तो जिथल्या तिथे मुरवावा. पाचट शेताबाहेर काढण्यात शहाणपण नाही. जिथे अंतर मोठे आहे तिथे पाणी काढून द्रव्य घट्ट करावे, पीडीएम किंवा स्ट्रुव्हाइटसारखे. आणि परत आणलेले कधीही गेलेल्यापेक्षा जास्त नसते, म्हणून नत्रासाठी तूर, हरभरा, ताग यांना फेरपालटात जागा हवीच. सगळी गोणी उद्या बंद करा असे सांगणाऱ्यांच्या बाजूने मी नाही.

हे आत्ताच का? देश पालाशासाठी जवळपास पूर्णपणे आणि स्फुरदासाठी मोठ्या प्रमाणात आयातीवर अवलंबून आहे. २०२१ मध्ये चीनने खतांच्या निर्यातीवर बंधने घातली, २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले, आणि ऐन पेरणीत डीएपीसाठी दुकानासमोर रांगा लागल्या. एका गोणीसोबत नको असलेले दुसरे काही घ्यावे लागल्याचे शेतकरी सांगत होते. दुसरीकडे २०१८ च्या ‘सतत’ योजनेपासून प्रेसमड, शेण, शहरी ओला कचरा यांवर मोठे बायोगॅस प्रकल्प उभे राहू लागले आहेत. त्यांच्या खतासाठी केंद्राने २०२३ मध्ये टनाला १,५०० रुपये साहाय्य जाहीर केले. प्रकल्पवाल्यांची नजर गॅसवर असते. पण गॅसमध्ये कार्बन आणि हायड्रोजन जातो. नत्र, स्फुरद, पालाश सगळे स्लरीत उरते. ती पातळ स्लरी रोज कोण नेणार, कुठे साठवणार, उन्हात उघडी पसरून अमोनिया उडवणार की मातीआड करणार, याचे उत्तर नसेल तर हे प्रकल्प स्पेंटवॉशचीच कहाणी पुन्हा घडवतील, अशी मला खरी भीती आहे.

आणि सरमिसळ. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात शिशाची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम, कॅडमियमची ५ मिलिग्रॅम आहे. एकत्र आलेला कचरा यंत्रावर चाळून ती पाळणे अवघड जाते, आणि काचेचे तुकडे असलेले खत एकदा शेतात पडले की तो शेतकरी पुन्हा दारात उभा करत नाही. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगितले. पुण्यात हे जितके होते त्याचे मोठे श्रेय कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून पुढे आलेल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचक महिलांच्या सहकारी संस्थेला आहे. खताची प्रत शेवटच्या प्रयोगशाळेत तपासली जाते, पण ती ठरते या बायांच्या हातात आणि त्यांच्याआधी आपल्या स्वयंपाकघरात. त्यांना हातमोजे, रास्त मोबदला आणि बसायला जागा देणे हा खत उत्पादनाचाच खर्च धरावा.

प्रस्तुत पुस्तक या सगळ्या पसाऱ्यातून वाट काढण्याचा प्रयत्न करते. लिहिणाऱ्यांत मृदाशास्त्रज्ञ आहेत, कारखान्यात काम केलेले आहेत, शेतकरी आहेत, आणि पालिकेच्या घनकचरा विभागाचे काम आतून पाहिलेले लोकही आहेत. त्यांचे एकमत नाही आणि संपादकांनी ते ओढूनताणून आणलेले नाही. ह्यूमसवाद्याच्या शेजारी अभियंता बसला आहे, आणि दोघांनाही एकच प्रश्न विचारला आहे: तुमच्या पद्धतीने किती किलो नत्र-स्फुरद-पालाश परत येते, किती अंतरावर, कोणाच्या श्रमाने आणि कोणत्या धोक्यासह? या शिस्तीमुळे पुस्तकाला आब आला आहे. शेणखताचे गुणगान किंवा रासायनिक खताची निंदा शोधणाऱ्याला इथे थोडे मिळेल. आपल्या गावाचा किंवा वॉर्डाचा ताळेबंद मांडू पाहणाऱ्याला पुष्कळ मिळेल.

काही गोष्टी पुस्तकात कमी आल्या आहेत. मासळी बाजार आणि कत्तलखान्यांतून निघणाऱ्या, स्फुरदाने समृद्ध पण कुजायला घाई करणाऱ्या मालावर आणखी लिहायला हवे होते; कोकणासाठी आणि गोव्यासाठी तो महत्त्वाचा भाग आहे. मानवी मूत्र वेगळे साठवून वापरण्यावर मराठीत अजून संकोचाने लिहिले जाते, वास्तविक माणसाकडून येणारे बहुतेक नत्र त्यातच असते आणि रोगजंतूंचा मोठा भार विष्ठेत. पुढच्या आवृत्तीत त्यावर स्वतंत्र प्रकरण यावे, असे मी संपादकांना सुचवले आहे.

शेतकरी वाचकाला एक विनंती. पुस्तक उघडण्यापूर्वी आपल्या शेताचा माती परीक्षणाचा अहवाल शोधून शेजारी ठेवा, नसेल तर या हंगामाआधी नमुना द्या. सेंद्रिय कर्बाचा आकडा अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर पाचट आणि धसकटांवरची प्रकरणे आधी वाचा. पालाश भरपूर आणि स्फुरद कमी असेल तर प्रेसमडवरची. शहरी वाचकाने घनकचऱ्याच्या भागापासून सुरुवात करून मग मागे शेताकडे यावे.